विरोधी बाजूचे आवटी

राजन आवटींना विषय द्यायचा आणि आपण खुर्ची ओढून बसायचं, ही जयपूरच्या मराठी मंडळींची जुनी करमणूक. विषय कुठलाही चालायचा. लग्नात आहेर घ्यावा की नाही, मुलांना होस्टेलवर ठेवावं की घरी, मोबाइल शाप की वरदान. बाजूही कुठलीही चालायची. गणपतीत मंडळाची वादविवाद स्पर्धा असे. तिथे स्पर्धकाने वाटीतली चिठ्ठी उचलायची. आत 'अनुकूल' निघालं तर तसं बोलायचं, 'प्रतिकूल' निघालं तर तसं. स्वतःच्या मनात काय आहे ते घरी ठेवून यायचं. आवटींच्या चिठ्ठीत प्रतिकूल निघालं की मंडपात हशा पिकायचा, कारण विरोधी बाजू घेतलेले आवटी म्हणजे बघायलाच नको!

एका वर्षी विषय होता, परराज्यात राहून मुलांना मराठी शिकवावं की नाही. आवटींनी विरोधात असं काही झोडपलं, की दर रविवारी मंडळात मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या त्यांच्याच पत्नी, प्रतिमाताई, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बक्षीस अर्थातच आवटींना. मग दोन्ही बाजूंचे स्पर्धक एकाच कढईतले बटाटेवडे खात उभे. हा माणूस मराठीच्या मुळावर उठलाय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. येणार कसं? तो खेळ होता, आणि तो खेळ आहे हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आवटी मूळचे मिरजेचे. विमा कंपनीत अधिकारी. बदल्यांची फरफट करत जयपूरला आले, तोवर मुलगा संकेत शाळेच्या अधल्यामधल्या वर्गात होता. पुन्हा त्याची शाळा मोडायला नको म्हणून इथेच टिकले, आणि निवृत्तीनंतर शास्त्रीनगरात घर करून कायमचे राहिले. नोकरीतही त्यांचं भांडवल जीभच. पण नोकरीत ते कधी खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. आमेरला गेस्ट हाउस चालवणारे सुभेदार संभाजी शिंगटे, कोरेगावकडचे, इथल्याच छावणीतून निवृत्त झालेले. त्यांनी तर निव्वळ आवटींच्या शब्दावर विमा उतरवला होता. पुढे त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा आवटींनी सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं निघालं. तेव्हापासून सुभेदारांसाठी आवटीसाहेब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता या माणसाच्या पोटी संकेत कसा जन्मला, हे देवालाच माहीत. पोरगा हुशार, हात सोन्याचे, पण तोंड उघडायचं म्हणजे संकट. सीतापुऱ्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. लोकांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवायचं. गिऱ्हाइकापुढे गेला की पहिल्या पाच वाक्यांत तीन अडचणी स्वतःच सांगून टाकायचा. धूळ बसते, धुवावं लागतं, पावसाळ्यात वीज कमी मिळते. आवटी कपाळाला हात लावायचे. "अरे, आधी चांगलं सांग की! वाईट विचारलं तर सांगायचं." संकेत म्हणायचा, "पण बाबा, मतलब, खरं तर तेच आहे ना."

रात्रीच्या जेवणाला मात्र हाच संकेत मोकळा व्हायचा. दिवसभरात कुठे काय चुकलं, कुठलं जमलं, सगळं बापाला सांगायचा. आवटी कान देऊन ऐकायचे, मधूनच भलतेच चांगले प्रश्न विचारायचे. सोलरचं त्यांना खरंच कौतुक होतं. संकेतने बसवलेली पहिली पॅनेलं त्यांच्याच गच्चीवर होती, आणि सकाळी बनियनवर वर जाऊन ती धुणं हे त्यांचं आवडतं काम. "सूर्य फुकट राबतोय लेका, आणि आपण कोळसा जाळत बसलोय," असं शेजाऱ्यांना सांगत ते पाइप फिरवायचे. उन्हाळा वर्षागणिक कसा चिवट होत चाललाय, कूलरचं वारंसुद्धा कसं गरम येतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात अंगावर घेतलेल्या माणसाला ते कळतंच.

अशा एका मे महिन्यात हर्षालीचा फोन आला. हर्षाली मंडळातल्याच एका बँक अधिकाऱ्याची मुलगी. एका स्थानिक हिंदी चॅनलवर, चर्चेसाठी पाहुणे जमवणं हे तिचं काम.

"काका, प्लीज नाही म्हणू नका. गर्मीवर डिबेट आहे. क्लायमेट चेंज खरं आहे असं बोलणारे प्रोफेसर मिळाले, पण अगेन्स्टवाला कुणीच नाही मिळत. तुम्ही तर मंडळात किती मस्त बोलता!"

अहो, तापमान वाढतंय याला कसली आलीय दुसरी बाजू? पण चॅनलच्या टेबलाला दोन खुर्च्या असतात, आणि त्यातली एक रिकामी राहिलेली त्यांना बघवत नाही. आवटींनी इतका विचार केलाच नाही. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की चिठ्ठी निघाली आहे आणि ती प्रतिकूल आहे. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मैदान मारलं. समोरचे प्रोफेसर बिचारे सज्जन. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की एखाद्या दिवसाच्या उन्हावरून काही ठरवता येत नाही, बऱ्याच वर्षांचा कल बघावा लागतो. आवटींनी ते वाक्य हवेतच झेललं. "यानी प्रोफेसर साहब, आज की गर्मी का कारण आपको खुद नहीं पता! राजस्थान में लू क्या पहली बार चली है? हमारे बुजुर्ग क्या बर्फ पर सोते थे?" अँकर खूश. प्रोफेसर 'देखिए, मेरा मतलब' करत राहिले आणि वेळ संपली. आवटींनी कार्यक्रमानंतर प्रोफेसरांच्या खांद्यावर हात ठेवला, "सर, मजा आली!" प्रोफेसर माइक काढून निघून गेले. आवटींना वाटलं, हरलेला माणूस जरा रुसला असेल.

मग बोलावणी येतच राहिली. भाजीवाला त्यांना 'टीव्हीवाले अंकल' म्हणू लागला. दुकानात, बँकेत माणसं हात मिळवायला लागली. "आपने बिल्कुल सही बोला, ये सब विदेशियों की चाल है." आवटी हसून मान डोलवायचे. निवृत्तीनंतर इतकी वर्षं त्यांना घरच्यांखेरीज कुणी ऐकत नव्हतं, हेही खरं. माणसाला हवंहवंसं वाटतंच की हो.

संकेत आधी हसला. मग एकदा म्हणाला, "बाबा, भारीच बोलता तुम्ही. पण कोणी सच्ची मानलं तर?"

"लोक काय खुळे आहेत? वाद आहे तो. वादात बाजू असते."

"तिकडे चिठ्ठी नाही ना दाखवत, बाबा."

प्रतिमाताईंनी भाजी वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. आवटींनी विषय बदलला. पोरगा एक वाक्य बोलला होता, आणि तेच नेमकं होतं. पण त्याला ते नीट मांडता आलं नाही, आणि बापाला वादात नीट न मांडलेलं वाक्य ऐकू येत नसे.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी आंधी आली. राजस्थानची आंधी म्हणजे आभाळ तांबडं होतं, दारंखिडक्या आपटतात आणि घरभर वाळू. त्या दिवशी संकेत जेवायला बसला, पण ताटाला हात लावेना. मग म्हणाला, "सीतापुऱ्यात एका कारखान्यावर मी लावलेली पॅनेलची एक लाइन उखडली. कुणाला लागलं नाही. पण बाबा, माझी चूक आहे. वेल्डर म्हणाला हे बोल्ट चालतील, मी मान्य केलं. पतले होते." आवटींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकलास तर दुरुस्त कर. कबूल करतोस हेच मोठं." दुसऱ्या दिवशी पहाटेच संकेत गेला, सगळे बोल्ट स्वतःच्या हाताने बदलून आला, आणि त्याने आधी बसवलेली बाकीची छपरंही एकेक करून तपासली. बापाला त्याचा अभिमान वाटला. मनापासून वाटला.

आणि तरीही हे झालं.

चॅनलवर सोलरची चर्चा होती. घराघरावर पॅनेल बसवायची मोहीम चांगली की फसवी. आवटींची बाजू ठरलेलीच. पण त्या दिवशी समोर सोलरचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई होत्या आणि त्या चांगल्याच तयारीच्या निघाल्या. आवटींचा एकेक मुद्दा त्या पाडत गेल्या. अँकर घड्याळाकडे बघू लागला. आवटींना स्टेजवर असं कोरडं पडायची सवय नव्हती. हाताशी काहीतरी हवं होतं, धारदार, आत्ताच्या आत्ता. आणि हाताशी होतं.

"मैडम, कागज़ की बात छोड़िए. अभी की आँधी में, यहीं सीतापुरा में, एक छत से पैनल उखड़ गए. लगाने वाले इंजीनियर ने खुद मुझसे कहा, बोल्ट पतले थे. खुद कहा! कल उस छत के नीचे किसी का बच्चा खेल रहा हो, तो?"

'बच्चा' म्हणताना त्यांनी हात वर केला आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी उभं राहिलं. ते पाणी खोटं नव्हतं. बोलता बोलता स्वतःच्या बोलण्याला भुलणं हा त्यांचा जुना गुण. तेवढाच तुकडा कापून कुणीतरी पसरवला, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या जयपूरच्या मोबाइलवर आवटी रडत होते.

कार्यक्रम संपवून आवटी घरी आले तेव्हा कूलरची घरघर तेवढी चालू होती. संकेत सोफ्यावर बसला होता. आवटी 'अरे' म्हणत त्याच्या शेजारी बसले.

"ते मी तुम्हाला सांगितलं होतं, बाबा," संकेत म्हणाला. "टीव्हीला नाही."

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता आलं असतं. त्या दिवसापासून तो जेवताना फक्त जेवू लागला.

गिऱ्हाइकं गळायला लागली. कोणी फोन घेईना, कोणी म्हणे पुढच्या वर्षी बघू. सगळ्यात जिव्हारी लागला तो आमेरचा नकार. सुभेदार शिंगट्यांच्या गेस्ट हाउसचं अख्खं छप्पर संकेतला मिळणार होतं. त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. त्यावर तो दोन माणसं कायमची कामाला ठेवणार होता. सुभेदारांनी फोनवर सांगितलं, "पोरा, राग मानू नको. पर तुझं वडीलच टीव्हीवर रडून सांगत्यात, तर मी कसा धीर करू?"

मग मात्र आवटी हलले. त्यांनी हर्षालीला फोन केला. "बाळ, मला एकदा दुसऱ्या बाजूने बसव. मला खरं काय ते सांगायचंय."

"काका, पण त्या चेअरवर तर दुसरे आहेत. तुम्ही अगेन्स्ट आहात ना, मतलब, लोक तुम्हाला तसंच ओळखतात."

"मी कशाच्याही अगेन्स्ट नाही गं! माझ्या स्वतःच्या गच्चीवर पॅनेल आहेत!"

"हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाही, काका." पोरीचा आवाज खरंच उतरला होता.

शेवटी आवटी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पहिल्याच फेरीत त्यांनी सांगून टाकलं. मी जे बोलत आलो ते मला पटत नाही. हवा तापतेय, सोलर चांगलं आहे, पॅनेल उखडले ती एका माणसाची चूक होती आणि त्याने ती दुसऱ्याच दिवशी सुधारली. हे सगळं त्यांनी नीट, सावकाश सांगितलं. अँकरचे डोळे चमकले. "आवटी जी, आप पर किसका दबाव है?" दबाव कसला, ते म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी बातमी पुरवलीच. "सर, सुना है आपका बेटा खुद सोलर लगाता है?" आवटी 'हो, पण' म्हणेपर्यंत खाली लाल पट्टी धावू लागली, 'बेटे के धंधे के लिए पलटे आवटी'. खोटं इतके दिवस बोलले, तेव्हा कुणी विचारलं नाही की का बोलता. खरं एकदा बोलले, तर कारण काढून दाखवलं.

एक दार उरलं होतं. आवटी भर उन्हात बस धरून आमेरला गेले.

सुभेदारांनी दारातूनच हात जोडले. "या साहेब, या. आवो, एवढ्या उन्हाचं कशाला आलासा? सांगावा धाडला असता तर मी आलो असतो." सरबत आलं, चहा आला. मग आवटी बोलले. मंडळातल्या चिठ्ठ्या, वादविवाद, हर्षालीचा फोन, आपली हाव, सगळं सांगितलं. संकेत बोल्ट बदलून कसा आला ते सांगितलं. "सुभेदार, माझा पोरगा तुम्हाला कधी फसवणार नाही हो. फसवणारा मी आहे." आयुष्यात ते इतकं चांगलं कधी बोलले नव्हते, आणि चांगलं बोलायचा हेतू नसताना पहिल्यांदाच बोलले होते. बोलता बोलता त्यांचा हात वर झाला, डोळे भरून आले.

सुभेदार खाली बघत बसले होते. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब, राग मानू नका. त्या दिशी टीव्हीवर असंच बोलला हुता तुम्ही. असाच हात वर केला हुता, असंच डोळ्यात पाणी. मी बायकोला म्हनलं, बघ, आवटीसाहेब कधी खोटं बोलायचं न्हाईत." ते थांबले. त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं. "आता तुम्ही म्हनता ते खोटं हुतं आन् हे खरं. मला दोन्ही सारखंच दिसतंय, साहेब. मी वळखू कसं?"

आवटींनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठले. सुभेदार त्यांना बसपर्यंत सोडायला आले, बस सुटेस्तोवर उन्हात उभे राहिले. त्या माणसाच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नव्हता. एवढंच, की त्याने वर्षानुवर्षं जपलेली एक गोष्ट त्याच्याकडे आता नव्हती, आणि ती आपण काढून घेतली हे आवटींना घरी पोचेपर्यंत छातीत टोचत राहिलं.

घरी बाहेरच्या खोलीत कोणी आलं होतं. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ, गच्चीवर पॅनेल बसवावं का हे विचारायला. कितीतरी दिवसांनी आलेलं पहिलं गिऱ्हाईक. आवटी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. संकेत अडखळत समजावत होता. धूळ बसते, धुवावं लागतं. आँधी का ध्यान रखना पड़ता है जी, एक बार मुझसे गलती हुई थी. आवटींचे हात शिवशिवले. दोन वाक्यं, फक्त दोन वाक्यं सांगायची आणि काम पोराच्या पदरात पडलं असतं. त्यांनी पाण्याचे ग्लास ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे उचलला.

बाहेर गृहस्थ विचारत होते, "वो टीवी वाले आवटी जी आपके पिताजी हैं ना? पहले कुछ बोले, अब कुछ और. आप ही बताइए, किसकी मानें?"

संकेतने पुढ्यातला हिशेबाचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"पिताजी की बात रहने दीजिए," तो म्हणाला. "उन्हें बोलना अच्छा लगता है, बस."

आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला तो इतर अडचणी सांगायचा, तशीच त्याने हीही सांगितली होती. आवटी दाराशी ट्रे धरून उभेच राहिले. प्रतिमाताई जवळ आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि पाणी घेऊन त्या स्वतःच बाहेर गेल्या.